'रोजची भाकर' की 'रोजची भाकरी'?

प्रश्न

मी मुद्रितशोधनाची कामे करते. मैत्रिणीच्या वडिलांच्या स्मरणार्थ गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे पंचहौदच्या चर्चमध्ये, प्रार्थना आहे. त्यासाठीची चार पानी पुस्तिका तपासायला माझ्याकडे आली. त्यात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, आहे: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' मी 'भाकर'चे 'भाकरी' केले आणि 'आम्हांला'वरचा अनुस्वार काढला. मैत्रिणीच्या आत्याबाईंनी दोन्ही दुरुस्त्या खोडून पुस्तिका परत पाठवली. समासात लिहिले होते, 'हे बदलायचे नाही, बाई.'

मला त्यांचे मन दुखवायचे नाही, पण कारण समजून घ्यायचे आहे. 'भाकर' हे ग्रामीण रूप ना? आणि मूळ प्रार्थनेत ब्रेड असेल, तर मराठीत 'पाव' का नाही आला?

प्रतिसाद

ताई, आत्याबाईंचे बरोबर आहे. हा नुसता सवयीचा हट्ट नाही.

'भाकर' म्हणजे 'भाकरी'चे बिघडलेले रूप नव्हे. नगर, मराठवाडा, विदर्भ या भागांत आजही भाकरच थापतात. पुण्यातही हा शब्द जिवंत आहे, फक्त ताटात वाढताना तो ऐकू येत नाही. नव्या नवरीवरून आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो. 'भाकरीतुकडा' कोणी म्हणत नाही. 'कष्टाची भाकर' म्हणताना ज्वारी की बाजरी हे मनात नसते, सगळे पोटापाण्याचेच त्यात आलेले असते. बायबलच्या जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतला 'लेहेम' अगदी असाच आहे, रोटी आणि अन्न दोन्ही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. प्रार्थनेत मागितले आहे ते हेच, जगायला लागणारे अन्न. 'भाकरी' म्हटले की पुणेकराला पिठले आणि ठेचा आठवतो. 'भाकर' म्हटले की पोट आठवते.

आता पाव. नाताळ आणि पाद्री हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पावही त्यांचाच. पण पावाची गोष्ट वेगळी होती. विहिरीत पावाचा तुकडा पडला आणि गाव बाटला, अशा कथा किनारपट्टीवर सांगत असत. पुण्यात तर १८९० साली पंचहौद मिशनमधल्या नुसत्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचे संकट, आले. म्हणजे तुमची पुस्तिका जिथे वाचली जाणार आहे तिथलीच ही घटना. पेलाभर चहाने जात धोक्यात येत होती अशा शहरात 'आम्हाला पाव दे' ही प्रार्थना कशी ऐकू आली असती? दुसऱ्याच्या ताटातले मागितल्यासारखी. 'भाकर' या शब्दाने ती आपल्या चुलीपाशी आली. मराठी बायबलमधला मला सर्वांत लाडका शब्द हाच आहे.

त्या शब्दाने एक घोटाळाही केला. बायबलमध्ये वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या वेळची 'बेखमीर भाकर', म्हणजे पीठ न आंबवता केलेली, आहे. आता ज्वारी-बाजरीच्या पिठात कधी खमीर घालतात का? त्या पिठाला फुगवून धरणारा चिकटपणाच नसतो. मराठी माणसाची प्रत्येक भाकरी बेखमीरच! लहानपणी रविवारच्या शाळेत मी विचारले होते की खमिराची भाकरी असते कशी. बाईंनी दुसऱ्या रविवारी पुण्याच्या लष्कर भागातल्या बेकरीतून पाव आणून मोडून दाखवला, आतली जाळी दाखवली, तेव्हा कळले.

'मोडणे'ही बघा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात (२:४२) पहिली ख्रिस्ती मंडळी 'भाकर मोडण्यात' तत्पर असल्याचे वर्णन आहे. पावाला सुरी लागते, पोळी आपण तोडतो, भाकरी मात्र मोडतोच. चतकोर, अर्धी असे तिचे वाटे पंक्तीत बसल्या बसल्या हातानेच होतात.

दुसरा प्रतिसाद

थोडी भर. मी नगरचा. आमच्याकडे एकवचन भाकर आणि अनेकवचन भाकरी. पुण्यात एकवचन भाकरी, अनेकवचन भाकऱ्या. त्यामुळे येशूने एका पोराजवळच्या भाकरींत पाच हजारांना जेवू घातले त्या गोष्टीत 'पाच भाकरी' येते तिथे पुणेकराला वाटते व्याकरण चुकले. चुकलेले नाही, ते 'भाकर'चे अनेकवचन आहे. योहानाच्या शुभवर्तमानाने (६:९) त्या भाकरी जवाच्या असल्याचेही नोंदवले आहे. जव हे तिकडे गरिबाचे धान्य. त्या पोराच्या फडक्यात आमच्या बाजरीच्याच भाकरी असणार, असे आमचे आजोबा ठामपणे सांगत.

प्रश्नकर्ती

'भाकर' पटली, तशीच ठेवते. 'रोजची' आणि 'आज' ही द्विरुक्ती नाही का? आणि अनुस्वाराचे काय?

प्रतिसाद

'रोजची' हा त्या ओळीतला सर्वांत अवघड शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' आहे. मत्तय आणि लूक या शुभवर्तमानकारांनी, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनी, दिलेल्या या प्रार्थनेबाहेर तो ग्रीकमध्ये जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताला वाटले की शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. आजच्यापुरती, उद्याची, जगण्यापुरती असे त्याचे अर्थ लावले गेले आहेत. जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर करताना एकाच शब्दासाठी लूकमध्ये 'रोजची' आणि मत्तयात 'सत्त्वाच्या पलीकडची' अशा अर्थाचे दोन वेगळे शब्द वापरले. मला 'आजच्यापुरती' हा अर्थ जवळचा वाटतो, कारण बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, मागे उभा राहतो: दिवसापुरता वेचायचा, साठवला की किडे पडायचे. म्हणून 'आज' ही द्विरुक्ती नाही. 'रोजची' भाकर कोणती ते सांगते, आणि 'आज' मागणाऱ्याचा हात किती मोठा असावा ते.

अनुस्वार ठेवा. अनेकवचनी सर्वनामाच्या सामान्यरूपावरचा तो अनुस्वार नियमात बसतो. पण मला त्याहून वेगळे सांगायचे आहे.

या सबंध प्रार्थनेत 'मी', 'मला', 'माझे' कुठेही नाही. माझी आई पहाटे पाचला एकटीच स्वयंपाकघरात असते. परातीत पीठ मळताना ही प्रार्थना म्हणते, पहिली भाकरी तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवेपर्यंत 'आमेन' होते. घर झोपलेले असते, तरी ती 'आम्हांला'च म्हणते. वडिलांची कंपनी बंद पडली त्या वर्षी डब्यात पीठ नसायचे. शेजारच्या काकू देवळातून येताना बाजरीच्या पिठाचा डबा ठेवून जायच्या, 'आमचं दळण जास्त झालं गं' म्हणत. चार महिने त्यांचे दळण जास्त होत राहिले. आईने त्यांना कधी उघडे पाडले नाही. प्रार्थनेतल्या 'आम्हां'त काकूही होत्या, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितले.

तेव्हापासून ती नेमक्या मोजून भाकऱ्या थापत नाही. जेवणारी डोकी अधिक एक. ती वरची कधी झाडलोट करणाऱ्या मावशींना जाते, कधी जिन्यातल्या विद्यार्थ्याला. आमच्या घरात तिला नावच पडले आहे: 'आम्हांलाची भाकरी'. कोणी हावऱ्यासारखा हात घातला की आई म्हणते, 'थांब, ती आम्हांलाची आहे.' एकदा मामा तिला म्हणाला, 'ताई, लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार?' आई म्हणाली, 'ही लष्कराची नाही रे. मागितली होती, मिळाली, ती आहे.'

उपवास, मनन, रविवारची उपासना हे सगळे आमच्याकडे आहे आणि मला ते प्रिय आहे. पण भक्ती हा शब्द कोणी उच्चारला की मला ती कडेला पापुद्रा सुटलेली, फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलेली भाकरी दिसते.

प्रश्नकर्ती

पुस्तिका आज छापायला दिली. 'भाकर' तशीच आहे, अनुस्वारही. आत्याबाईंना फोन केला होता, त्यांनी प्रार्थनेनंतर जेवायला थांबायला सांगितले आहे.