भरती-ओहोटी नसलेला समुद्र (सी विंगचा ग्रुप, रविवार सकाळ)

सी-702: नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला यंदा मेमध्ये 40 वर्षं होतायत. त्यांना घेऊन ग्रीसला, क्रीट बेटावर जायचं चाललंय. 204 च्या वहिनी जाऊन आल्यात ना? इन्स्टावर एलाफोनिसी, बालोस, प्रेवेली आणि वाई असे चार बीच दिसले. चार दिवसांत चार, जमेल ना?

सी-101: वाई? तिथे कुठला आलाय समुद्र? मेणवलीचा घाट आहे.

सी-702: काका, तिकडेही एक वाई आहे!

सी-204: जमेल की. पण समुद्रापेक्षा गाडीची काच जास्त बघाल. नकाशात इवलंसं दिसतं, पण बेट लांबीला 260 किलोमीटर आहे. एलाफोनिसी नैऋत्य टोकाला आणि वाई पार पूर्वेला. आम्ही असंच उंडारलो. दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मला समुद्र बघायला आणलंय की घाट?" दिवस कमी असतील तर हानिया गावात मुक्काम ठोका आणि पश्चिमेचं तेवढं नीट बघा.

सी-204: वाई आहे मात्र गंमतशीर. वाळूला लागूनच खजुराच्या जातीच्या झाडांचं बन आहे. आपल्या शिंदीच्या नात्यातलीच झाडं. फळं धरतात, पण खाण्यालायक नसतात. प्रेवेलीलाही तीच झाडं, आणि त्यांच्या मधून नदी येऊन समुद्राला मिळते. 2010 च्या आगीत ते बन होरपळलं होतं, पण बुंध्यांना परत पालवी फुटली. फक्त तिथे उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. बाबांचे गुडघे कसे आहेत?

सी-702: बाबांचे ठीक, आईचे नाहीत.

सी-204: मग प्रेवेली वरूनच बघा. आईंसाठी एलाफोनिसी. हानियापासून साधारण 75 किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, दीड तास धरून चाला. पाणी इतकं उथळ की समोरच्या छोट्या बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. सासूबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून निघाल्या आणि पलीकडे जाऊन पोचल्यासुद्धा. काठाला वाळू गुलाबी दिसते, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे. पण फोटोत असते तशी गुलकंदी नाही हं. लाट ओसरते तिथे एक गुलाबी रेघ उमटते, एवढंच. आणि वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे, आधीच सांगून ठेवते.

सी-101: भरतीची वेळ बघून जावं लागत असेल ना? आम्ही अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलो आणि गप्पांत अडकलो. परत येताना होडी करावी लागली.

सी-204: काका, तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच! भूमध्य समुद्र चहूबाजूंनी कोंडलेला, महासागराशी जोडणारी वाट जिब्राल्टरपाशी अरुंद. पाणी काही सेंटिमीटर वरखाली होतं, तेवढंच. सकाळी चप्पल ठेवलीत तर संध्याकाळी तिथेच. आम्हा कोकणातल्या लोकांना हे पचायला दोन दिवस लागले.

सी-101: मग तो समुद्र कसला, तळंच म्हणायचं.

सी-204: तळं वाटतं ते वारा सुटेपर्यंत! तिथे भरतीचं नाही, वाऱ्याचं वेळापत्रक बघायचं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा येतो, कधी कधी सलग काही दिवस. मग उत्तर किनाऱ्यावर लाटा आणि बालोसच्या बोटी रद्द. सकाळी आधी वाऱ्याची दिशा बघा आणि मग कुठल्या बाजूला जायचं ते ठरवा. आदल्या रात्री ठरवून ठेवलं की हमखास फसतं.

सी-303: बालोसला गाडी जाते ना?

सी-204: शेवटचे सातआठ किलोमीटर कच्चा रस्ता. भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा असल्या रस्त्याला लागू नसतो. आमच्या यजमानांनी "काही होत नाही" म्हणत घातली, खालून दगड लागला आणि पदरचे पैसे गेले. रक्कम इथे लिहीत नाही, ते या ग्रुपवर आहेत. शिवाय गाडी वर लावून खाली चालत उतरायचं आणि उन्हात परत चढायचं. त्यापेक्षा किसामोस बंदरातून बोट घ्या. वाटेत ग्रामवूसाच्या बेटावर व्हेनिसवाल्यांनी बांधलेला किल्ला आहे, तिथेही थांबते.

सी-101: किल्ला म्हणजे आमच्या मुरूडच्या जंजिऱ्यासारखा?

सी-204: जंजिरा पाण्यात उभा आहे काका, हा उंच कड्यावर. पण तुम्हाला आवडेल तो फालासार्नाचा किनारा. पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्यास्त बघावा तर तिथे. रुंद वाळू, गाडी जवळपर्यंत जाते. बाजूलाच एक जुनं बंदर आहे, आणि ते आता जमिनीवर आहे! इ.स. 365 च्या भूकंपात बेटाचा पश्चिम भाग कित्येक मीटर वर उचलला गेला आणि बंदर कोरडं पडलं. जिथे जहाजं लागायची तिथे आता गवत. एलाफोनिसीला सगळे धावतात, पण मला विचाराल तर क्रीटचा सगळ्यात सुंदर किनारा हाच.

सी-502: क्रीटमधल्याच रेथिम्नो गावाच्या किनाऱ्यावर कासवं असतात असं ऐकलं. आम्ही दरवर्षी वेळासला जातो म्हणून विचारते.

सी-204: हो ताई! आपल्याकडे ऑलिव्ह रिडले, तिथे लॉगरहेड. वेळासला पिल्लं फेब्रुवारी-मार्चनंतर बघायला मिळतात, तिथे माद्या उन्हाळ्यात अंडी घालतात. हॉटेलांच्या खुर्च्यांमध्येच पिंजऱ्यासारखं कुंपण घातलेली घरटी दिसली. रात्री वाळूवर दिवे लावू नका म्हणून पाट्या असतात.

सी-303: आम्ही शाकाहारी. खायचे हाल होतात का?

सी-204: अजिबात नाही. डाकोस मागवा, म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल. भात भरलेले टोमॅटो, रानभाज्या. त्यांच्या उपवासाच्या पदार्थांना "निस्तीसिमो" म्हणतात, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण नीट विचारून घ्या, त्यांच्या उपवासाला कोळंबी चालते.

सी-101: मी धर्म बदलायचा म्हणतो.

सी-001 (सेक्रेटरी): मंडळी, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी धुणार, 11 ते 4 पाणी नाही.

सी-702: सॉरी काका, शेवटचा प्रश्न. मे महिना चांगला ना वहिनी?

सी-204: फिरायला छान, गर्दी कमी, डोंगरात रानफुलं. पण पाणी 19-20 अंश! गुहागरला 28-29 अंशांत डुंबलेल्या माणसाला ते फ्रिजमधलं वाटतं. समुद्र तापायला वेळ लागतो, सप्टेंबरात तो 25 पर्यंत येतो आणि गर्दीही ओसरायला लागते. मेमध्ये घरी पुरणपोळ्या करा, सगळ्यांना बोलवा. समुद्र सप्टेंबरात. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा वेळही मिळेल.

सी-702: बाबा विचारतायत, गणपतीच्या आधी की नंतर?

सी-204: विसर्जन झालं की निघा. आम्ही पितृपक्षातच गेलो होतो.

सी-101: पितृपक्षात? सासूबाई तयार झाल्या?

सी-204: त्याच म्हणाल्या, पितर काय फक्त पुण्यातच असतात का.

सी-702: ठरलं मग. बाबा म्हणतायत, यंदाची वर्गणी आगाऊ देऊन जाऊ.

सी-001 (सेक्रेटरी): स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.