उंच पऱ्हाटीत (कपाशीत) पाठीवरचा फवारणी पंप बंद करा, ड्रोन पायलट तयार करा: पटतं का?

काळी_माती (यवतमाळ)
२०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीस जण तरी गेले, शेतकरी आणि मजूर. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. तोंडाला रुमाल बांधून नोझल वर धरायचं आणि मारलेलं औषध आपल्याच अंगावर घ्यायचं. माझा चुलता नऊ दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण नजर अजून धूसर आहे.

म्हणून मी ड्रोन पायलटचं प्रशिक्षण घेतलं. दहावी पास आणि अठरा पूर्ण असलं की घेता येतं. दहा लिटरच्या टाकीत एकरभर फवारणी दहा मिनिटांत उरकते, मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असतो. उंच पिकात पाठीवरचा पंप बंदच व्हावा आणि गावातल्या पोरापोरींनी हे काम हाती घ्यावं, असं माझं मत आहे.

अडीच_एकर
चुलत्याचं वाचून वाईट वाटलं. पण मागणी पटत नाही. पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तुम्ही दहा लिटरमध्ये भागवता. पांढरी माशी बसते पानाखाली. मागच्या भाद्रपदात मी ड्रोनने मारून घेतलं. शेंडे ओले, खालची फांदी उचलून पाहिली तर पान कोरडं ठणठणीत. चौथ्या दिवशी पुन्हा पंप उचलला. दुप्पट खर्च झाला.

काळी_माती
किती उंचीवरून उडवला होता? फार वर ठेवला की पंख्यांचा वारा पिकात शिरत नाही, तुषार वरच्या वर उडून जातात. पिकाच्या दीड-दोन मीटर वर, सावकाश नेला तर पानं उलटी होतात आणि औषध आत जातं. पायलटचं कसब तेच. पांढऱ्या माशीचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, दाट पिकात मलाही अडचण येते. गुलाबी बोंडअळी मात्र एकदा बोंडात शिरली की पंपालाही दाद देत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग दिसले की लगेच फवारावं लागतं. अशा वेळी सगळ्या गावाला एकदम मजूर कुठून मिळणार?

तुतीवाला_जालना
शेजाऱ्याचा विचार कुणी करतंय का? माझी एकरभर तुती आहे. पलीकडच्या सोयाबीनवर ड्रोन फिरला तेव्हा वारा माझ्याकडे होता. मला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी तोच पाला रेशमाच्या अळ्यांना घातला. सकाळी पाहतो तर अळ्या माना वेळावत तोंडातून हिरवं पाणी टाकतायत. शंभर अंडीपुंजांची बॅच, कोषावर यायला चार दिवस उरले होते. सगळी पुरावी लागली. पायलट तोवर पुढच्या गावाला गेलेला. आधी बांधापलीकडे काय आहे ते विचारा, मग उडवा.

मजुराची_लेक
बाबा पंपामागे पैसे घेऊन फवारायचे. रात्री हाताला वास यायचा म्हणून भाकरी आई भरवायची. त्यामुळे पंप सुटावा असं मलाही मनापासून वाटतं. पण दादा, तुम्ही धुऱ्यावर उभे असता, औषध कोण कालवतं? एकराची मात्रा तेवढीच आणि पाणी दहा लिटर, म्हणजे टाकीतलं औषध पंपापेक्षा पंधरा-वीस पट कडक. आमच्याकडे ते काम सोबतचा पोरगा उघड्या हातांनी करतो. परवाना पायलटच्या खिशात, पोराला साधे हातमोजे नाहीत. शिवाय बंदी आली तर फवारणीवर जगणाऱ्यांनी चार महिने काय करायचं?

बचतगट_वर्धा
आमच्या गटाला ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळाला. ८० टक्के अनुदान, कमाल आठ लाख. ड्रोन शिकायला सोपा गेला, जड जातो तो पांदण रस्ता. श्रावणात चिखलात गाडी जात नाही, बॅटऱ्या आणि जनरेटर डोक्यावर. रोजगार आहे हे खरं, पण खरिपापुरता.

काळी_माती
@मजुराची_लेक, माझ्याकडेही गेल्या हंगामात चुलतभाऊच कालवायचा, हातमोज्यांविना. तुमचं वाचून आज लांब बाह्यांचे दोन जोड आणि चष्मा आणला. यापुढे कालवणाऱ्याची मजुरी एकरी दरात धरणार, आणि ते काम आधी गावातल्या फवारणीवाल्यांना देणार. @तुतीवाला_जालना, वारा तुतीकडे असेल तर उडवणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पण पंप बंद व्हावा ही मागणी मी सोडत नाही.

अडीच_एकर
मग या पोळ्यानंतर माझ्या अर्ध्या एकरावर तुम्ही उडवा, अर्ध्यावर मी पंप मारतो. खालची पानं दोघं मिळून पाहू.