तैवानी थंड तीळ-नूडल्स: सॉस फाटतोय, नूडल्सचा गोळा होतोय

परात_परळीची
तैवानात उन्हाळ्यात गाड्यांवर तिळाच्या सॉसमधल्या थंड नूडल्स मिळतात, तिकडं त्यांना ल्यांगम्येन म्हणतात. त्या घरी करायच्यात. साहित्य: पाकिटातल्या हाका नूडल्स, भाजलेले तीळ, सोया सॉस, पांढरं व्हिनेगर, साखर, लसूण. अडचणी तीन. नूडल्स गार होईस्तोवर चिकटून ढेकूळ व्हायलेत. तिळाच्या वाटणात सोया सॉस पडला की ते खरवसासारखं घट्ट होऊन फाटायलंय. अन् शेवटी जिभेवर कडवटपणा राहायलाय. काय चुकायलंय? ताहिनी (तिळाचं तयार वाटण) वगैरे ऑनलाइन मागवा म्हणू नका, किराणा दुकानात मिळतं त्यातच सांगा.

घाण्यावरचा
आधी कडूपणा. तो बहुतेक वेळा भाजण्यात असतो. चटणीला आपण तीळ चांगले तांबूस होऊन तडतडेपर्यंत भाजतो, इथं तसं चालत नाही. पॉलिश केलेले पांढरे तीळ घ्या. गावरान, साल असलेले किंवा काळे तीळ सालीमुळंच कडसर लागतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत ६-७ मिनिटं. रंग फिक्कट बदामी झाला अन् वास सुटला की लगेच ताटात ओता. कढईतच ठेवले तर गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात.

१०० ग्रॅम तीळ, ४० ग्रॅम भाजून साल काढलेले शेंगदाणे, ३ मोठे चमचे शेंगदाणा तेल. चटणीच्या छोट्या भांड्यात ३०-३० सेकंद फिरवा, मध्ये थांबून कडा खरवडा. ५-६ फेऱ्यांत चमच्यावरून धारेनं पडेल असं व्हायला पाहिजे. दाण्याच्या कुटावर थांबलात तर सॉस रवाळच होणार. घाण्याचं करडईचं तेल घालू नका, त्याचा वास तिळाला दाबून टाकतो. तिळाचं तेल म्हणून आपल्याकडं मिळतं ते कच्च्या तिळाचं; तैवानात वापरतात ते भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं. त्यामुळं इथं सगळी चव वाटणातूनच आणायची.

आता फाटणं. सॉस खरं तर फाटत नाही. तिळाच्या वाटणात तेल जास्त अन् पाणी जवळजवळ नाही, त्यामुळं पहिलं थोडं पाणी पडलं की तिळाचे कण ते ओढून घेतात आणि लगदा आवळतो. तिथंच लोक घाबरून तेल ओततात, मग तेल वर अन् गाळ खाली. तेल नाही, पाणी पाहिजे. कोमट पाणी एकेक चमचा घालून घोटत राहा. आधी घट्ट होईल, चौथ्या-पाचव्या चमच्याला एकदम सैल होऊन रंग फिका पडेल. त्यानंतरच सोया सॉस, सगळ्यात शेवटी व्हिनेगर.

चार वाट्यांचं माप: वाटण ६ मोठे चमचे, कोमट पाणी ६ ते ८, लाइट सोया सॉस ३, व्हिनेगर दीड, साखर दीड, सगळे मोठे चमचेच. डार्क सोया फक्त रंगापुरता, अर्धा छोटा चमचा. मीठ चव बघूनच, सोया सॉस आधीच खारट असतो. (लातूरच्या आडतीत सोयाबीनच्या थप्प्या, अन् सॉस मात्र बाटलीतला!)

तैवानी काळं व्हिनेगर मसालेदार असतं. दीडमधलं अर्धा चमचा व्हिनेगर कमी करून तेवढा चिंचेचा पातळ कोळ अन् किंचित गूळ घातला तर चव त्या बाजूला सरकते.

लसूण मिक्सरमध्ये वाटू नका, तोही उग्र-कडू होतो. ६ पाकळ्या खलबत्त्यात ठेचून ४ मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा. हे लसणाचं पाणी वाटीत वरून वेगळं घालायचं. गाड्यांवरही असंच घालतात.

शिट्टी_नको_उकळी
नूडल्सचं मी सांगतो. २५० ग्रॅमला किमान अडीच लिटर पाणी, खळखळ उकळी. पाणी कमी पडलं की सुटलेला स्टार्च नूडल्सवरच बसतो, ढेकळाचं मूळ तेच. उकळत्या पाण्यात तेल टाकून काही होत नाही, ते वर तरंगतं अन् गाळताना निघून जातं.

'मिनिटभर आधी काढा' हा नियम पुन्हा कढईत परतायच्या नूडल्सचा. थंड खायच्या असतील तर पूर्ण शिजवा, तोडून बघितलं तर मध्ये पांढरा ठिपका दिसायला नको. गार झाल्यावर त्या आपोआप कडक होतात.

कोथिंबीर_उधार
गाळल्या की गार पाण्याखाली धरायच्या, दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. एवढं कशाला?

शिट्टी_नको_उकळी
दादा, चिकटणं मिटतं पण पाणी अंगावर राहतं. मग सॉस धरत नाही, वाटीच्या तळाशी पांढरं पाणी साचतं. तिकडची पद्धत अशी: गाळून नीट निथळायच्या, २ छोटे चमचे तेल चोळायचं, अन् पंख्याखाली उचलून-उचलून गार करायच्या. आपली मोठी परात याला एक नंबर. दोन काट्यांनी वर उचला, पसरवा, असं ५-६ मिनिटं. कूलरसमोर धरू नका, ओलसर हवेनं पुन्हा चिकट होतात. फ्रिजमध्येही नको, दोरीसारख्या होतात अन् सॉस गोठतो. आणि मे महिन्यात ४२ अंशात शिजलेल्या नूडल्स बाहेर ठेवून देऊ नका. तासाभरात खाऊन टाका.

काकडीच्या बिया काढून मगच उभ्या बारीक काड्या करा, नाहीतर तीच सॉस पातळ करते.

पापडाची_लाटी
हाका नूडल्सवर चव येते, पण गाड्यावरच्या नूडल्स पिवळ्या अन् लवचिक असतात, त्या क्षाराच्या पाण्यात मळलेल्या. तो क्षार आपल्या घरात आहे: पापडखार. मैदा २५० ग्रॅम, पापडखार अडीच ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, पाणी ९५ ते १०० मिली. पापडखार पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा, त्यात माती-कचरा असतो. क्षारामुळं ग्लूटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन) आवळतं अन् मैदा पिवळसर दिसतो, रंग घालायचा नाही. खार जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून चिमटीनं नको, वजनानं घ्या.

पीठ भुसभुशीत राहील, पाणी वाढवायचा मोह टाळा. पिशवीत घट्ट बांधून ४० मिनिटं ठेवा, मग पापडाच्या पिठासारखं कुटून घ्या. सोऱ्यातून किंवा शेवयाच्या मशीनमधून हे निघत नाही, मशीनचा दांडा वाकेल. दीड मिलिमीटर जाड लाटा, कॉर्नफ्लोर भुरभुरून घडी घाला, सुरीनं ३ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. उकळत्या पाण्यात दोन ते तीन मिनिटं.

परात_परळीची
पापडखार नसेल तर खायचा सोडा चालेल का? अन् सोबत काय देतात?

पापडाची_लाटी
तसाच नको, ताकद कमी अन् चव रेंगाळते. स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशाला तासभर ठेवा, वजन तिसऱ्या हिश्शानं उतरतं. मग पापडखाराएवढाच घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, क्षार त्याला खातो. हात कोरडे ठेवा.

घाण्यावरचा
सोबत तैपेईत मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, त्यात अंडं फोडून हलवलेलं. च्याई शहरात तर याच नूडल्सवर गोडसर मेयोनीज घालतात, बाकीचे तैवानी लोक त्यावर नाक मुरडतात. मिसो नाही मिळाला तर अंड्याची पातळ पोळी करून काकडीसारख्या काड्या कापा, वर घाला.

अन् कुणाला तैवानातल्याच ताईनान शहरातल्या डान्झाई नूडल्स करायच्या असतील तर तो वेगळा प्रकार, गरम, कोळंबीच्या पाण्यातला. कोळी लोक वादळाच्या महिन्यांत मासेमारी बंद असताना कावडीवर विकायचे. नावातला 'डान' म्हणजे ती कावडच. त्यातला जीव तळलेल्या कांद्यात आहे: लहान कांदे पातळ चिरून गार तेलात टाका, मग गॅस लावा, फिक्कट सोनेरी झाले की काढा. बाहेर काढल्यावर ते आणखी एक छटा गडद होतात.