वातावरण पेटलेलं असताना 'आधी स्वतःला बदला' म्हणणं ही पळवाट आहे का?

बिनकामाचा (धागाकर्ता)

गेल्या वर्षी आमच्या गावात दोन दिवस दगडफेक झाली आणि मग चार दिवस जमावबंदी. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की चर्चा 'सुरुवात कोणी केली' यावर जाणार आणि तिथेच मरणार.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब भाड्याने राहतं. जमावबंदीच्या दुसऱ्या दिवशी जिना चढताना दिसलं की त्यांच्या दारावरची नावाची पाटी नाही. स्क्रूची चार भोकं आणि पाटीखाली राहिलेला जुना रंग, बाकी दारापेक्षा गडद चौकोन. मी जरा वेळ तिथे उभा राहिलो आणि वर घरी गेलो. रात्री द्वेषाच्या राजकारणावर फेसबुकावर लांबलचक पोस्ट लिहिली, दोनशेच्या वर लाइक आले. खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवायला मात्र अजून दोन दिवस गेले.

वाजवली तेव्हा काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. "बाहेरून काही आणायचंय का?" एवढंच तोंडातून निघालं. वहिनी म्हणाल्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. आणून दिल्या. संपलं.

ते दोन दिवस का लागले, हा माझा प्रश्न आहे. भीती थोडी होती, पण ते खरं कारण नाही. सवयच नव्हती. आपण मनाचा बदल म्हणजे काहीतरी उमाळा समजतो, आपोआप दाटून येणारा. तो, आणि लोक ज्याला 'सक्रिय प्रेम' म्हणतात तेही, सराव असतो, असं मला आता वाटायला लागलंय.

जेम्स लॉसन नावाचा अमेरिकी काळा तरुण होता. सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला. १९५३ ते १९५६ तो नागपुरात हिस्लॉप कॉलेजात होता, गांधी समजून घेत होता. परत गेल्यावर १९५९ मध्ये त्याने नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. दुकानांतल्या, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसायची तयारी. अर्धी मुलं खुर्च्यांवर बसायची, बाकीची त्यांना शिव्या द्यायची, केस ओढायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची. आठवड्यामागून आठवडे. फेब्रुवारी १९६० मध्ये ती पोरं खरोखर जाऊन बसली, तेव्हा नियम ठरलेले होते: उलटून मारायचं नाही, ताठ बसायचं, तोंड कायम काउंटरकडे. १० मे रोजी गावातल्या मोठ्या दुकानांनी काउंटर सगळ्यांना खुले केले.

ज्यांना 'स्वतःला बदला' हे बाबा-बुवांचं वाक्य वाटतं, त्यांनी ही तालीम डोळ्यांसमोर आणावी. मतं मांडा.

---

तिरपीरेघ

लेखन आवडलं, मुद्दा नाही.

नॅशव्हिलमध्ये काळ्या गिऱ्हाइकांनी त्या दुकानांवर बहिष्कार घातला होता, हे तुम्ही गाळलंत. दुकानदारांचा गल्ला आटला. तालीम पोरांची झाली, पण काउंटर गल्ल्यामुळे उघडले.

आणि इतक्या लांब कशाला जाता? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशकात सुरू झाला. वर्षानुवर्षं चालला, देऊळ काही उघडलं नाही. दारापलीकडच्या लोकांना मन नव्हतं का? होतं, पण ते बदलायची त्यांना गरज पडत नव्हती. बाबासाहेबांनी नंतर स्वच्छ लिहिलं की आमच्या लोकांना मूर्तिपूजक करायला मी हे आंदोलन सुरू केलं नव्हतं, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं म्हणून केलं. समोरच्याच्या मनावर त्यांनी आपला हिशेब टांगून ठेवला नाही. आपणही ठेवू नये.

---

बिनकामाचा

बहिष्काराचं मान्य, लिहायला हवं होतं.

पण महाड बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं कागदावर खुलं केलं. २० मार्च १९२७ पर्यंत तिथे एक ओंजळ कोणी भरू शकलं नाही. म्हणजे नियम तीन वर्षं तळ्याकाठी नुसता बसून होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. ठराव मांडायला उभं राहण्याआधी त्या माणसाच्या आत काहीतरी झालं असेलच ना?

---

तिरपीरेघ

झालं असेल. पण हजारो माणसं तळ्यावर चालत गेली म्हणून सहस्रबुद्ध्यांना उभं राहायला जागा मिळाली. क्रम उलटा लावू नका. शिवाय गावाने मागाहून तळ्याची 'शुद्धी' केली ती केलीच. तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं गावाचं मन कुठे फिरत होतं?

---

सरोजमावशी

तुम्ही दोघं वकिलासारखे भांडताय. साने गुरुजींना कसे विसरलात? पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून आधी काही महिने महाराष्ट्र पायाखाली घातला, सभा घेतल्या, आणि मग १ मे १९४७ ला उपोषणाला बसले. १० तारखेला सुटलं ते. माझे वडील त्या दौऱ्यातल्या एका सभेला होते. सांगायचे, गुरुजी बोलता बोलता रडले आणि पुढच्या रांगेतली माणसं खाली बघायला लागली. घरी आल्यावर वडिलांनी विहिरीवरचा वेगळा पोहरा काढून टाकला. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. कायद्याने असा पोहरा निघतो का?

---

हिशेबनीस

मावशी, पोहऱ्याची गोष्ट लाख मोलाची, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्या उपोषणाला खुद्द गांधीजींचा विरोध होता. आणि मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदा त्याच वर्षीचा, १९४७ चा. बडव्यांना गुरुजींचे अश्रू दिसले की येऊ घातलेला कायदा दिसला, हे कोण सांगणार? मला वाटतं दोन्ही दिसले.

भूदानाचा हिशेब करू. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालू असताना विनोबा पोचमपल्लीत गेले. १८ एप्रिल १९५१. दलितांनी ८० एकर मागितली, रामचंद्र रेड्डींनी १०० दिली. डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग, खरंच. पुढे लक्ष्य ठेवलं ५ कोटी एकरांचं. दान मिळालं सुमारे ४० लाख एकर, त्यातलीही पुष्कळ खडकाळ नाहीतर भांडणातली. एका माणसाचं मन बदललं की १०० एकर येते. पाच कोटींसाठी मनं मोजत बसायची का?

आता उलट उदाहरण. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्हीकडची साधी माणसं, पोलिसांबरोबर नियमित बैठका, नळापासून भांडणापर्यंत सगळे विषय. डिसेंबर ९२-जानेवारी ९३ मध्ये मुंबईत, श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्यानुसार, ९०० माणसं मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. तिथे कोणी कोणाला 'प्रेम करा' म्हटलं नव्हतं. बैठकीला या, एवढंच.

---

बिनकामाचा

हिशेबनीस, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! दर महिन्याला ज्याच्याबद्दल कानावर नको ते येतं त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून नळाबद्दल बोलायचं, ही तालीम नाही तर काय? मी 'प्रेम' म्हणतो, तुम्ही 'बैठक' म्हणा. (कमाल जमीनधारणेच्या, म्हणजे सीलिंगच्या कायद्यात जमिनी गड्यांच्या आणि बैलांच्या नावावर कशा झाल्या, तोही हिशेब एकदा मांडा.)

---

हिशेबनीस

मांडतो कधीतरी, तुमच्यावर उधार. पण शब्दाने फरक पडतो. बैठकीचं इतिवृत्त असतं, हजेरी असते. प्रेमाची हजेरी कोण घेतं?

---

चुकामूक

हे सगळं आम्हालाच का? आमच्या काकांचं दुकान जाळलं. त्यांना कोणी गोळ्या आणून दिल्या नाहीत. तिकडच्या कोणी मनात डोकावून बघितल्याचं ऐकलं नाही. परिवर्तनाचा मक्ता एकाच बाजूने घेतलाय का?

---

बिनकामाचा

काकांचं वाचून वाईट वाटलं, नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. भरपाई मिळाली का? त्याच्या पंचनाम्याची, अर्जाची काही मदत लागली तर निरोप करा, मला ते काम येतं. 'आधी त्यांनी' या मुद्द्यावर मात्र मी वाद घालणार नाही. तो दोन्हीकडे रोज घातला जातो आणि दोन्हीकडे अगदी याच शब्दांत.

---

चुकामूक

नाही मिळाली. निरोप करतो. मत तेच आहे.

---

ओलीमाती

थोडं अवांतर. 'सक्रिय प्रेम', 'आतून बदला' हे बायकांना जन्मापासून सांगितलं जातं आणि त्याचा अर्थ नेहमी 'सोस' असा निघतो. नॅशव्हिलच्या त्या पोरांमध्ये डायान नॅश होती. तिने महापौरांना सगळ्या गर्दीसमोर तोंडावर विचारलं, माणसामाणसांत असा भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? त्यांना हो म्हणावं लागलं. मला ते प्रेम पटतं. गप्प बसून चटके खाणारं नाही.

---

झरोका

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

मी अशाच एका दारामागे वाढले. जानेवारी ९३, मुंबई. आमची पाटी अम्मीने काढली, भाजीच्या सुरीने, कारण पेचकस सापडेना. एका स्क्रूचा माथा घासला गेला आणि ती रडायला लागली. बाहेर काय चाललंय त्यासाठी नाही, त्या स्क्रूसाठी.

शेजारच्या काकूंनी आम्हाला चार दिवस त्यांच्या देवघराच्या खोलीत ठेवलं. त्यांचं आतून परिवर्तन वगैरे झालं होतं असं मला वाटत नाही. आदल्या आठवड्यापर्यंत पाणी कोणी आधी भरायचं यावरून त्या अम्मीशी भांडत होत्या, नंतरही भांडल्या. त्यांनी दार उघडलं कारण आम्ही दारात उभे होतो. एवढंच. त्यामुळे बिनकामाचा यांची तालीम मला पूर्ण पटत नाही. काकूंनी कसली तालीम केली होती? (की रोज भांडणं हीच?)

पण पुढचं ऐका. मार्चमध्ये सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला, यापुढे भाडेकरू 'बघून' ठेवावेत. काकू मीटिंगला होत्या. बोलल्या नाहीत. मे महिन्यात आम्ही घर सोडलं. त्यांनी अम्मीला निरोपाची साडी दिली आणि दोघी खूप रडल्या. अम्मी आजही त्यांचं नाव काढते तेव्हा हात जोडते. मला ते जमत नाही.

गोळ्या आणून दिल्यात, बरं केलंत, त्या म्हातारीला त्या हव्या होत्या. तुमच्या इमारतीचा ग्रुप असेलच. त्या चार दिवसांत तिथे काय काय आलं असेल याची मला कल्पना आहे. तिथे तुम्ही काय लिहिलंत?

---

बिनकामाचा

काही नाही.

---

तिरपीरेघ

झरोका, तुमच्या प्रतिसादानंतर माझे मागचे दोन्ही प्रतिसाद पुस्तकी वाटायला लागलेत.

---

बिनकामाचा (तीन दिवसांनी)

काल रात्री ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी असं गेलं: "मागच्या वर्षी या ग्रुपवर जे व्हिडिओ आले त्यातले दोन खोटे होते, ते पसरवणाऱ्यांत आपण होतो. तिसऱ्या मजल्यावरचे लोक हा ग्रुप वाचतात. मी तेव्हा गप्प बसलो, त्याबद्दल माफी मागतो. पुढच्या मीटिंगला हा विषय घ्यावा."

४१ जणांनी पाहिलं. दोन अंगठे आले. एकजण ग्रुप सोडून गेला. सेक्रेटरींचा फोन आला, "कशाला उकरून काढता, आता सगळं शांत आहे ना." विषय मीटिंगला घ्यायचा तर सहीनिशी अर्ज द्या म्हणाले. दिलाय. मीटिंग १४ तारखेला आहे.

तिसऱ्या मजल्यावरून काही उत्तर नाही. आज जिन्यात भाईजान भेटले. पावसाबद्दल बोललो.

---

हिशेबनीस

१४ ला काय झालं ते लिहा. आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या, तोंडी ठेवू नका.