मदत हवी आहे : नागपूरहून सातपुड्यात पोहण्यासारखं धरण किंवा डोह कुठं आहे? (लवकर सांगा)

हिवरीनगरचा
नमस्कार मंडळी. अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. नागपूरहून गाडीने जाण्यासारखं, सातपुड्यात, आजूबाजूला डोंगर, स्वच्छ पाणी, आणि उतरून पोहता येईल असं ठिकाण पाहिजे. धरण चालेल, नदीचा डोह चालेल, धबधब्याखालचं कुंड असेल तर फारच भारी. एक रात्र मुक्काम. हॉटेलचा स्वीमिंग पूल सांगू नका, वॉटर पार्क तर अजिबातच नको. गूगलवर पाहिलं तर सगळीकडे तीच ती यादी, एकाने तर त्यात शहरातला अंबाझरी तलाव पण घातलाय, अंबाझरीत कोण पोहतं राजेहो. ज्यांनी स्वतः जाऊन पाहिलं त्यांनीच सांगा. जागा, रस्ता, आणि तिथं कोणी हटकतं का, एवढंच पाहिजे.

बर्डीवाला
कोण कोण चाललंय, कधी चाललंय, पोहता कोणाकोणाला येतं? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ.

वैनगंगाकाठ
आंभोऱ्याला जा. कुही मार्गे आरामात दीड-दोन तास. पाच नद्यांचा संगम आहे, गोसीखुर्द धरणाचं पाणी मागपर्यंत भरलेलं असतं, समुद्रासारखं दिसते. वर तो नवा केबलचा पूल, त्याच्यावर काचेची गॅलरी. चैतन्येश्वराचं दर्शनही होते. दुसरीकडं जायची गरजच नाही.

हिवरीनगरचा
@वैनगंगाकाठ सातपुडा लिहिलंय हो वरती. आंभोरा पाहिलेलं आहे, तिथं पोहायचं कुठं?

वैनगंगाकाठ
पोहायचं काहून पाहिजे, पाहायला जा नं.

मेळघाटी_माणूस
मी परतवाड्याचा. चिखलदरा सोडून दुसरं काही बघू नका. अमरावती-परतवाडा करून सव्वादोनशे किमीच्या आसपास पडतं. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, गाविलगड किल्ला, शक्कर तलावात बोट. येताना मुक्तागिरी करा, 52 जैन मंदिरं आणि मधून धबधबा, पावसाळ्यात बघावं असं आहे. कॉफी घ्या, महाराष्ट्रात कॉफी फक्त आमच्याकडं होते.

बर्डीवाला
आणि पोहायचं कुठं चिखलदऱ्यात? भीमकुंडात? ते तर खोल दरीत आहे, वरून फोटो काढायची जागा.

मेळघाटी_माणूस
पोहायला सेमाडोह-कोलकासला सिपना नदी आहे की. लहानपणी आम्ही सगळे तिथंच पोहायचो.

लेन_नंबर_चार
दादा, तुमचं लहानपण वेगळं होतं. तो सगळा आता व्याघ्र प्रकल्प आहे, नदीत उतरायला परवानगी नाही. शिवाय मेळघाटात 1990-91 मध्ये सिद्धूकुंडात आणि हाथीकुंडात मगरी सोडलेल्या आहेत. त्या काय कुंडापुरत्या बसून राहतात का?
मूळ प्रश्नवाल्यांना : मी शहरात पोहणं शिकवते, म्हणून बर्डीवाल्यांचाच प्रश्न परत विचारते. पोहणारे कोण आहेत? लहान मुलं आहेत का? आणि तारीख?

हिवरीनगरचा
अहो जागा विचारली तर तुम्ही माझीच चौकशी करून राहिले. बरं सांगतो. लहान बहीण आणि जावईबापू येऊन राहिले साताऱ्याहून. जावईबापू पट्टीचे पोहणारे. दरवेळी आले की बामणोली, कोयनेचं पाणी, कास, तेच पुराण, आणि मग 'तुमच्या विदर्भात ऊन सोडून काय आहे'. या वेळी दाखवूनच द्यायचं आहे. गाडी आहे, सात सीटर. येत्या शनिवारी सकाळी निघायचं. तोतलाडोहबद्दल कोणी काहीच बोललं नाही, ते तर सगळ्यात जवळ आहे आणि पाणी काचेसारखं असते म्हणतात?

पाटबंधारे_निवृत्त
तोतलाडोहबद्दल मी बोलतो, उभी नोकरी याच कामात गेली. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. पोहणं सोडा, गाडीतून उतरायचंसुद्धा सगळीकडे चालत नाही. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद असतो तो वेगळाच. पाण्यात मगर आहे. आणि ते वीजनिर्मितीचं धरण आहे, 160 मेगावॉट, 80-80 चे दोन संच. विजेतले दोन भाग मध्यप्रदेशचे, एक आपला. संच चालू झाला की खालच्या नदीपात्रात पाणी येतं, ते खाली नवेगाव खैरीला अडवलं जातं आणि तिथून नागपूरला. तुम्ही सकाळी नळाखाली बादली लावता ते हेच पाणी. खालच्या पात्रात कोरड्या दगडावर बसलेल्या माणसाला वर संच चालू झाला हे कळत नाही, त्याला पाणी पायाशी आल्यावर कळतं.
कोणत्याही धरणात पोहणाऱ्याला सांगतो. काठ दिसायला उतरता असतो, पण पाणी चढलं की त्याखाली जुनी शेतं, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे असतात. चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला पाय टेकत नाही. काठाला गाळ, त्यात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही पायच सोडवत बसतो. वरचा हातभर थर कोमट, खाली एकदम गार, दम तिथं तुटतो. धरणात बुडणारे बहुतेक काठाजवळच बुडतात.

बर्डीवाला
काका बरोबर. वेणा धरणाचं आठवा, 2017 चा जुलै, पोट्ट्यांची बोट उलटली होती. लाईफ जॅकेट नव्हते.

वैनगंगाकाठ
पेंचच्या पाण्याचं काय घेऊन बसले. वर मध्यप्रदेशने चौराईला धरण बांधलं तेव्हापासून तोतलाडोहात पाणीच कमी येते. आपल्या लोकांनी तेव्हा काहीच केलं नाही.

पाटबंधारे_निवृत्त
त्याचा वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो. दोन राज्यांतलं पाणीवाटप लवादाने ठरवलेलं होतं, कोणी पाणी चोरलेलं नाही.

वैनगंगाकाठ
लवाद गेला खड्ड्यात, उन्हाळ्यात आमच्या वस्तीत टँकर येते.

जुनी_छोटी_लाईन
सातपुडा पाहायचा तर छोट्या लाईनने (नॅरोगेज रेल्वेने) पाहिला पाहिजे होता. इतवारीहून छिंदवाड्याची गाडी रामाकोना सोडली की सिल्लेवानीच्या डोंगरात शिरायची आणि कुकडीखापाचा धबधबा खिडकीतून दिसायचा. गाडी इतकी हळू की पोट्टे उतरून चालत चालत परत चढायचे. 2015 ला बंद केली. आता मोठी लाईन झाली आहे पण ती मजा नाही.

हिवरीनगरचा
काका कुकडीखापाला पोहता येतं का?

जुनी_छोटी_लाईन
मी खिडकीतूनच पाहिला आहे.

सौंसर_रोड
कुकडीखापाला मी बऱ्याचदा जातो, माझं येणं-जाणं छिंदवाड्यालाच असतं. डिसेंबरात खालच्या डबक्यात पोट्टे डुंबतात, पाणी कमरेएवढं, तळ दिसतो. पण पावसाळ्यात तिकडं जाऊ नोका. गेल्या पावसाळ्यात आम्ही खडकावर डबे उघडून बसलो होतो, इथं ऊन पडलेलं, पाऊस नाही काही नाही. पाणी आधी चहासारखं झालं, मग त्याच्यावर सागाची पानं, काड्या, फेस येऊ लागला. सोबतच्या गावातल्या माणसाने डबासुद्धा बंद करू दिला नाही, उठा म्हणाला. वर चढेपर्यंत आमचा खडक दिसत नव्हता. पाऊस वर माथ्यावर पडलेला असतो, आपल्याला दिसत नाही. रंग बदलला की निघायचं, पातळी चढायची वाट पाहायची नाही.

रोडगेवाला
एवढं घाबरवून राहिले त्याला. ट्रकची ट्यूब घ्या, हवा भरा, दोरी बांधा, कुठंही उतरा. आम्ही मोहगाव झिलपीला असंच करतो. सोबत रोडगे आणि वांग्याची भाजी.

लेन_नंबर_चार
ट्यूबचं नाव काढू नका. मोकळ्या जलाशयात वारा सुटला की ट्यूब मधोमध जाते आणि लोक तिच्यामागे पोहत जातात. झिलपीला काय काय झालंय ते पेपरात वाचत नाही का? अंगाला बसणारं, पट्टे आवळलेलं लाईफ जॅकेट घ्या, दुसरं काही नाही.

रोडगेवाला
ताई तुम्ही क्लास चालवता म्हणून तुम्हाला सगळे बुडतानाच दिसतात.

लेन_नंबर_चार
क्लासमध्ये कोणी बुडत नाही, तिथं कडेला मी उभी असते. फरक तोच आहे.

पचमढी_नेहमीचा
अप्सरा विहार कोणीच सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटतं. सातपुड्यात कुटुंबाला घेऊन पाण्यात उतरण्यासारखी एवढी चांगली जागा मला तरी माहीत नाही. पचमढीला, सावनेर-सौंसर-छिंदवाडा-तामिया-मटकुली करून, अडीचशे किमीच्या आसपास. गाडी ठेवून थोडं चालावं लागतं. वरून लहानसा धबधबा, खाली पसरट कुंड, कडेला लहान मुलांना बसता येईल इतकं उथळ. फक्त तोच ओढा पुढं जाऊन रजत प्रपाताच्या कड्यावरून खाली पडतो, साडेतीनशे फूट. कुंडाच्या खालच्या अंगाला, शेवाळलेल्या दगडांकडं, कोणालाही जाऊ द्यायचं नाही. बी फॉलला पायऱ्या भरपूर आहेत आणि जिप्सी करावी लागते. पचमढीला प्यायला पाणी त्याच प्रवाहाचं जातं, साबण-शाम्पू नेऊ नका. देनवाच्या बाजूला मढईकडं तवा धरणाचं पाणी फार सुंदर, पण तिथं मगरी, फक्त बोटीतून.

हिवरीनगरचा
हे पाहिजे होतं! धन्यवाद दादा. शनिवारी पचमढी फायनल. रूम कोणती चांगली?

बर्डीवाला
थांब थांब. येता शनिवार म्हणजे नागपंचमीच्या तोंडावर. नागद्वार यात्रा!!

पचमढी_नेहमीचा
अरे हो, तारीख माझ्या लक्षातच आली नाही. अर्धा विदर्भ तिथं असतो तेव्हा. रूम विसरा, गाडी उभी करायला जागा मिळणार नाही. शिवाय या पावसात कुंडात उतरूच देत नाहीत. मी सांगितलं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं.

सौंसर_रोड
दरवर्षी सौंसरच्या पुढं यात्रेच्या गाड्यांची रांग लागते. मटकुलीचा घाट चढायलाच दुपार होईल.

हिवरीनगरचा
मी कुठं आहे विचारलं, तुम्ही सगळे कधी कधी करून राहिले. मग श्रावणात आमच्याकडं पाहुणे आले तर घरात बसवायचे का? आणि हो, भाचे दोघं आहेत, एक नऊ वर्षांचा, एक सहा. पोहायला शिकलेले नाहीत अजून.

लेन_नंबर_चार
हे पहिल्याच ओळीत पाहिजे होतं. उत्तर स्वच्छ आहे : या शनिवारी कोणत्याही नैसर्गिक पाण्यात नाही. जावई कितीही पट्टीचे असोत, गढूळ पाण्यात पोहणाऱ्याला मुलगा कुठं गेला हे दिसत नाही.

जुनी_छोटी_लाईन
खिंडसी तलावावर न्या. रामटेकचा डोंगर आहे, गडावर दर्शन, खाली बोटिंग. पोहू नका, बोटीत बसा. एका दिवसात घरी. डोंगर म्हटला तर डोंगर, पाणी म्हटलं तर पाणी.

मेळघाटी_माणूस
खिंडसी म्हणजे शाळेची सहल. श्रावणातला चिखलदरा कोयनेला भारी आहे. ढग रस्त्यावर येऊन बसतात, साताऱ्याच्या माणसालाही मान्य करावं लागेल. फक्त शनिवार-रविवार फार गर्दी होते, बरेचदा पोलीस घाट एकतर्फी करतात, म्हणून पहाटे परतवाडा सोडायचं.

हिवरीनगरचा
बरं. घरात चर्चा झाली. बहीण म्हणते पोरांना घेऊन पाण्यात उतरायचं नाहीच, जावईबापू उलट म्हणाले मला गाविलगड पाहायचाय, पोहायचं मी कधी म्हटलं? आता काय बोलू. चिखलदरा करतो, शुक्रवारी रात्री परतवाड्याला थांबून. पचमढी डिसेंबरात, तेव्हा परत विचारीन. @मेळघाटी_माणूस परतवाड्याला गाडी आत लावता येईल असं लॉज सांगा. आणि धुक्यात गाडी कशी चालवायची तेही, मी घाटात कधी चालवली नाही.

मेळघाटी_माणूस
लॉजचं मेसेज करतो. धुक्यात हेडलाईट लो बीमवर ठेवा, हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. उतरताना न्यूट्रल करू नका, दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा. वळणावर हॉर्न. आणि माकडांना खायला देऊ नका, काच फोडतात.

रोडगेवाला
परतवाड्याला चालले तर रोडगे घरूनच करून न्या, एकाला विचारून गौऱ्या मिळतात का बघा.

वैनगंगाकाठ
येताना वेळ उरला तर आंभोरा करा.

बर्डीवाला
आंभोरा चिखलदऱ्याच्या उलट्या दिशेला आहे भाऊ.