'ब्रेकिंग चेंज'ला मराठीत काय म्हणायचं?

एका ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पाच्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं याची टिपणं, मराठीत करतोय आणि 'ब्रेकिंग चेंज'पाशी अडलोय. म्हणजे नव्या आवृत्तीतला असा बदल की जुन्यावर लिहिलेला कोड चालेनासा होतो. 'मोडता बदल' लिहिलं तर मित्र म्हणे हे 'मोडता घालणे'सारखं वाटतं, कुणीतरी मुद्दाम खोडा घातल्यासारखं. 'विसंगत बदल'ला परिपत्रकाचा वास येतो. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद:
एकच शब्द पुरणार नाही हो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचंच घ्या, डिसेंबर २००८ मध्ये ३.० आलं तेव्हा मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट'ला कंस सक्तीचे झाले, जुना कोड एरर देऊन जागीच थांबायचा, ठीक आहे, मोडला तो. पण ७ भागिले २ चं उत्तर जुन्यात ३ यायचं ते ३.५ यायला लागलं, एरर नाही काही नाही, प्रोग्राम मजेत चालतोय आणि हिशोब वेगळा. हे 'मोडणं' कसं? मी याला 'अर्थ पालटणं' म्हणेन, आणि खरी झोप हेच उडवतं.

प्रतिसाद:
माझी आई नव्या साडीची 'घडी मोडायला' शेजारच्या काकूंना द्यायची, त्यात मान असतो. आणि बसलेली घडी 'विस्कटणं' वेगळं. सांगून-सवरून केलेला बदल म्हणजे घडी मोडणं, चुकून झाला तर विस्कटणं. पायथन ३ देवनागरीवाल्यांसाठी पहिल्या प्रकारातलं. पायथन २ मध्ये साध्या अवतरणातल्या 'मराठी'ची लांबी विचारली की १५ सांगायचं, कारण अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीतले बाईट मोजायचं, ३ मध्ये ५ येते, म, र, काना, ठ, वेलांटी. ज्यांचा सगळा मजकूर इंग्रजीत त्यांना वाटलं उगाच मोडलं, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे!

प्रतिसाद:
सुटलात खरे, पण पायथन २.७ ला दुरुस्त्या मिळण्याची मुदत २०१५ ची होती ती वाढवून २०२० करावी लागली, एवढ्या लोकांचा कोड अडकलेला होता. आमच्या आधीच्या ऑफिसात तर त्यानंतरही एक स्क्रिप्ट २.७ वरच चालायची आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मला 'शब्द मोडणे' आवडतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तो सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांचा नियमच आहे, कर्नलच्या बदलाने वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम बंद पडला तर चूक कर्नलची, प्रोग्रामची नाही. पण कर्नलच्या आतल्या इंटरफेसबद्दल, म्हणजे त्याच्या भागांमधल्या जोडण्यांबद्दल, असा शब्द कुणालाच दिलेला नाही, ते कधीही बदलतात, कर्नलबाहेर ड्रायव्हर (उपकरणं चालवणारा कोड) सांभाळणाऱ्यांना विचारा. जिथे शब्दच दिला नाही तिथे मोडला कसा म्हणणार?

प्रतिसाद:
जाता जाता, 'डेप्रिकेटेड'ला (पुढे काढून टाकणार, आता वापरू नका असं जाहीर केलेल्याला) कृपया 'कालबाह्य' लिहू नका, ते अजून चालत असतं. जुन्या इमारतीला नोटीस लागते ना, लोक राहतातच पण शोधाशोध सुरू करतात, तसं 'नोटीस लागलेलं फंक्शन'. आणि 'स्टेबल' म्हणजे 'न कोसळणारं' नव्हे. डेबियन या लिनक्स वितरणातलं 'स्टेबल' म्हणजे मुख्यतः न बदलणारं, सुरक्षेच्या आणि मोठ्या दुरुस्त्या येतात पण पॅकेजेसच्या आवृत्त्या सहसा पुढे सरकत नाहीत. इथे 'स्थिर' चपखल आहे.

धागाकर्ता:
मथळा 'जुना कोड मोडणारे बदल', भागाकारासारख्यांना वेगळी यादी, 'अर्थ पालटलेले'. 'नोटीस लागलेलं' बाकीच्यांना पचतंय का बघतो. 'बॅकवर्ड कंपॅटिबल' (जुना कोड नव्यावरही चालतो असं) राहिलंच की!