गिल्डला बलुतेदारी म्हणावं का?

प्रश्न : तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या कारागिरांवर एक लेख मराठीत करतोय. 'गिल्ड'ला, म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांच्या संघटनेला, 'बलुतेदारी' लिहिलं तर चालेल का? वाचकाला पटकन कळेल. 'जर्नीमन'ला सध्या 'फिरस्ता कारागीर' केलंय.

– बलुतेदारी नकोच. बलुतं म्हणजे सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. सुतार-लोहारांनी वर्षभर अख्ख्या गावाचं काम करायचं आणि खळ्यावर आपला हक्क घ्यायचा. शिवाय ते वतन, बापाकडून मुलाकडे जाणारं. पॅरिसचा कारागीर दुकान मांडून रोखीने माल विकायचा, आणि त्या धंद्यात कोणी शिरायचं, माल कसा असावा हे धंद्याचे नियम ठरवायचे. १२६८ च्या सुमारास पॅरिसचा प्रेव्हो (राजाने नेमलेला कारभारी) एत्येन ब्वालो याने शंभरेक धंद्यांचे असे नियम लिहून घेतले. त्यात कित्येक धंद्यांना रात्री काम करायला बंदी आहे, कारण दिव्याच्या उजेडात हात चुकतो आणि माल बिघडतो. रेशीम कातणाऱ्या बायकांचे वेगळे नियम आहेत. यातलं काय बसतं बलुत्यात?

– मग 'श्रेणी' का नको? आपल्याकडे अस्सल दाखला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवतो : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च चालवायचा. म्हणजे विणकरांची संघटना पेढीचंही काम करत होती.

– दाखला फर्मास, पण आज 'श्रेणी' म्हटलं की पहिल्या श्रेणीत पास झालेला भाचा डोळ्यांसमोर येतो. पहिल्यांदा 'कारागिरांची श्रेणी, म्हणजे गिल्ड' असं लिहा, पुढे सरळ गिल्ड. वाचक इतका अडाणी नसतो.

– 'फिरस्ता' मात्र काढा. जर्नीमनमधला जर्नी प्रवासाचा नाही. फ्रेंच 'जुर्ने', म्हणजे दिवस, दिवसाचं काम. शिकून तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला माणूस. 'रोजंदार कारागीर' चपखल बसतं. जर्मन मुलखात हे लोक खरोखर गावोगाव फिरत, त्यामुळे घोटाळा होतो. पॅरिसच्या त्या नियमांत त्याला 'वाले' म्हटलंय, म्हणजे आपला गडीच.

प्रश्नकर्ता : आणि अप्रेंटिस?

– उमेदवार. निवडणुकीने हा शब्द पळवला, पण 'दोन वर्षं उमेदवारी केली' हे अजून कानावर येतं आणि आयटीआयवाल्यांचा 'शिकाऊ उमेदवार' तर सरकारी कागदावर आहे. लेखात 'शिकाऊ'च लिहा, नाहीतर मतपेटी आठवेल.

– मास्टरला 'मिस्त्री' लिहा की! पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेला, मास्टरचाच सख्खा भाऊ. गोव्या-कोकणात 'मेस्त' म्हणतातच.

– गवंडी-सुताराला ठीक. सोनाराला किंवा पाववाल्याला मिस्त्री म्हणाल का?

– नाही म्हणणार. मग 'उस्ताद'?

– त्यात तबला ऐकू येतो. 'मालक कारागीर' लिहा. रुक्ष आहे, पण दुकान त्याचं आणि हातही त्याचाच, हे दोन्ही त्यात येतं.

प्रश्नकर्ता : शिकाऊ, रोजंदार, मालक कारागीर. ठरलं. गिल्ड गिल्डच ठेवतो.